ग्रंथालय-सुहृत्-समारंभ-मीमांसा

प्रकरण पहिले : अनुबंधचतुष्टय

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगाव्यात, असा पूर्वाचार्यांचा दंडक आहे. त्याचे पालन करतो. प्रस्तुत शास्त्राचा विषय : विद्यापीठीय ग्रंथालयाच्या मित्रमंडळाने त्या ग्रंथालयात घडवून आणलेले समारंभ. प्रयोजन : त्यांचे स्वरूपनिर्धारण व वर्गीकरण. संबंध : प्रतिपाद्य-प्रतिपादकभाव. अधिकारी : ज्याने असा एक तरी समारंभ आभारप्रदर्शनाच्या अखेरच्या नावापर्यंत बसून पाहिला आहे तो. जो चहानंतर उठून गेला त्यास या शास्त्रात प्रवेश नाही. जो चहापुरताच आला त्याचा विचार सातव्या प्रकरणात केला आहे.

मेलविल ड्यूई यांनी १८७६ साली समग्र मानवी ज्ञान दहा वर्गांत विभागले आणि त्यांच्या पद्धतीत ग्रंथालयशास्त्रालाही ०२० हे स्थान मिळाले. तथापि त्या आकड्यापुढे कितीही दशांश वाढवले, तरी शाल प्रथम की श्रीफळ प्रथम, या प्रश्नाचा निर्णय त्यातून होत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी आम्ही एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, ज्याचे नाव शास्त्रीय तटस्थतेस्तव देत नाही, अनेक वर्षे तिसऱ्या रांगेत बसून अवलोकन केले. तिसरी रांग यासाठी, की पहिली राखीव असते आणि दुसरी पहिल्या रांगेत जागा मिळेल या आशेवर असलेल्यांची असते.

प्रकरण दुसरे : लक्षणविचार

‘मित्र’ या पदाचे लक्षण प्रथम ठरवू. ‘जो ग्रंथांच्या नित्य सहवासात राहतो तो मित्र’ असे म्हटल्यास अतिव्याप्ती होते. कारण कसर आणि वाळवी यांचा ग्रंथसहवास कोणत्याही आजीव सभासदापेक्षा दीर्घ व अखंड असतो. ‘जो ग्रंथ वाचतो तो मित्र’ म्हणावे तर अव्याप्ती होते. मंडळाचे अध्यक्ष, दोन्ही उपाध्यक्ष आणि खजिनदार लक्षणाबाहेर पडतात. ‘ज्याने घरी नेलेले पुस्तक मुदतीत परत केले तो मित्र’ असे केल्यास असंभव हा तिसरा दोष उद्भवतो. लक्षण लक्ष्यात कोठेच सापडत नाही.

म्हणून निर्दोष लक्षण असे : ग्रंथालयाविषयीची आत्मीयता जो ग्रंथेतर साधनांनी प्रकट करतो तो मित्र. अशा मित्रांच्या समवायास मंडळ म्हणतात. आणि जेथे एरवी बोलण्यास मनाई आहे तेथे या मंडळाने ध्वनिवर्धक लावून वाचनाचे महत्त्व सांगणे, यास समारंभ म्हणतात.

प्रकरण तिसरे : उत्पत्ती व विकास

या संस्थेचे बीज ऑक्सफर्डला सापडते. सर टॉमस बॉडली यांनी पुनरुज्जीवित केलेले तेथील बॉडलियन ग्रंथालय १६०२ साली उघडले. देणगीदारांची नावे नोंदवण्यासाठी बॉडली यांनी एक भव्य चर्मपत्री वही करवून घेतली आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दृष्टीस पडेल अशी ठेवली. नाव दिसते म्हटल्यावर देणगी येते, हा या शास्त्राचा आद्य सिद्धान्त. आपल्याकडे तो पंख्याच्या पात्यांवर ‘यांच्या स्मरणार्थ’ अशा अक्षरांत अवतरला. पंखा फिरू लागताच नाव दिसेनासे होते आणि नाव वाचावयाचे तर उकाडा सोसावा लागतो. दानातील निरहंकार व कीर्ती यांचा असा समन्वय चर्मपत्राच्या वहीला साधला नव्हता.

दुसरी अवस्था संकटकालीन मैत्रीची. १६२३ साली छापला गेलेला शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला फोलिओ त्या ग्रंथालयात दाखल झाला होता. पुढे नवी आवृत्ती आल्यावर जुनी प्रत अनावश्यक समजून काढून टाकण्यात आली. १९०५ साली एक विद्यार्थी आपल्या घरातला जुना ग्रंथ बांधणीच्या दुरुस्तीविषयी सल्ला घेण्यासाठी घेऊन आला, आणि तो तोच निघाला. अमेरिकेतील धनाढ्य संग्राहक हेन्री फोल्जर यांनी त्यासाठी तीन हजार पौंड देऊ केले. ग्रंथालयाने जाहीर आवाहन करून तितकीच रक्कम लोकवर्गणीतून उभी केली आणि १९०६ साली, आपणच टाकलेले पुस्तक विकत घेतले. जुन्या फोलिओचे मोल त्याच्या अभावातच कळले, हे येथे ध्यानी घ्यावे. या प्रतीचे आणखी एक वैशिष्ट्य आठव्या प्रकरणात उपयोगी पडेल.

तिसरी अवस्था संघटित मैत्रीची. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मित्रांनी १९१३ साली, तर बॉडलियनच्या मित्रांनी १९२५ साली आपले मंडळ स्थापन केले. तेव्हापासून मैत्रीला वर्गणी, घटना आणि कार्यकारिणी प्राप्त झाली.

मुंबईत हा विकास निराळ्या मार्गाने झाला. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, आणि पुढे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला मातोश्रींचे नाव मिळाले. २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. शास्त्रदृष्ट्या हे एकपुरुषी मित्रमंडळ होय. सभासद, वर्गणी, कार्यकारिणी आणि कोरम ही सर्व तत्त्वे एकाच देहात एकवटल्यामुळे या मंडळात इतिवृत्तावरून वाद झाल्याचे कोठे आढळत नाही. वास्तुशिल्पी जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी भारतात पाऊल न ठेवता आराखडे पाठवले. प्रमुख पाहुण्याने स्वतः न येता केवळ शुभेच्छासंदेश पाठवावा आणि तो सचिवांनी वाचून दाखवावा, या आजच्या परिपाठाला यापेक्षा प्रतिष्ठित पूर्वपीठिका मिळणे अवघड आहे.

प्रकरण चौथे : पंचप्रवर्गी विश्लेषण

समारंभाचे विश्लेषण करण्यास रंगनाथनांची पद्धत सर्वांत युक्त ठरते. शियाळी रामामृत रंगनाथन हे १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनला गेले असता दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले, आणि त्या सुट्या पट्ट्या व नटबोल्टांतून काहीही जोडता येते तसे विषयही जोडता यावेत, या विचारातून १९३३ साली त्यांचे कोलन वर्गीकरण सिद्ध झाले. पुढे त्यांनी प्रत्येक विषय पाच मूलभूत प्रवर्गांत उकलला : व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, देश, काल. आम्ही तेच पाच येथे लावतो.

व्यक्तित्व म्हणजे मंचावरील मान्यवर. यांची संख्या खुर्च्यांपेक्षा सदैव एकाने अधिक असते. तो अधिक मान्यवर ऐनवेळी आलेला असून, त्याच्यासाठी खालून वर दिली जाणारी प्लास्टिकची खुर्ची हा समारंभाचा पहिला दृश्य क्षण होय.

द्रव्य म्हणजे शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्ह. यांपैकी शाल अविनाशी आहे. एका समारंभात सत्कारमूर्तीच्या खांद्यावर पडलेली शाल घडीवरची टाचणी न काढता दुसऱ्या समारंभात तिसऱ्याच्या खांद्यावर गेलेली आम्ही पाहिली आहे. आत्म्याने जीर्ण वस्त्रासारखा देह टाकून नवा धारण करावा, तशी ती देह बदलते; वस्त्र तेच राहते.

ऊर्जा म्हणजे भाषण. तिचे प्रास्ताविक, परिचय, मनोगत, मार्गदर्शन, अध्यक्षीय समारोप व आभार असे सहा विकार आहेत. ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ हे वाक्य ऊर्जेच्या वृद्धीचे निदर्शक असून, ‘शेवटी एकच सांगतो’ हे तिच्या मध्यबिंदूचे.

देश म्हणजे सभागृह. ते नसल्यास वाचनकक्ष, ते बंद असल्यास जिन्याखालची मोकळी जागा.

काल म्हणजे विलंब. पत्रिकेतील वेळ आणि आरंभाची वेळ यांतील अंतर पाहुण्याच्या पदाशी समप्रमाणात वाढते. वाचकाचा वेळ वाचवावा, असा रंगनाथनांच्या १९३१च्या पंचसूत्रीतील चौथ्या नियमाचा आशय आहे. तो वाचकाविषयी असल्याने श्रोत्यास लागू होत नाही, हे आम्ही येथे स्पष्ट करून ठेवतो.

प्रकरण पाचवे : समारंभांचे षड्विध भेद

१. व्याख्यानरूप. ग्रंथपालदिन १२ ऑगस्टला, म्हणजे रंगनाथनांच्या जयंतीस. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला. राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह १४ ते २० नोव्हेंबर. मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारीस आणि जागतिक पुस्तक दिन २३ एप्रिलला. या तिथींना वाचनसंस्कृती लोप पावत असल्याचे प्रतिपादन केले जाते. ती पुढील तिथीपर्यंत पुन्हा सावरते.

२. प्रदर्शनरूप. दुर्मिळ ग्रंथ काचेच्या कपाटात उघडून ठेवणे. पहिल्या दिवशी जे पान उघडलेले असते तेच अखेरपर्यंत राहते. कपाटाची किल्ली एका व्यक्तीकडे असून ती व्यक्ती रजेवर असते.

३. प्रदानरूप. दिवंगत प्राध्यापकांचा संग्रह कुटुंबीयांकडून ग्रंथालयास अर्पण. या प्रकाराचे एक उदाहरण जवळून पाहिले पाहिजे. टेबलावर केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे भाग लाल रिबिनीने बांधून रचलेले होते. एकूण भाग तेवीस, टेबलावर बावीस. ग्रंथपालांनी दोनदा मोजले, मग दात्याच्या चिरंजीवांकडे पाहिले. चिरंजीवांनी पहिल्या रांगेतल्या एका ज्येष्ठ सभासदांकडे पाहिले. ज्येष्ठ सभासदांनी छताकडे, पंख्याकडे पाहिले. तो फिरत असल्याने त्यावरचे नाव वाचता येत नव्हते. सत्कारप्रसंगी संपूर्ण ज्ञानकोश दिल्याबद्दल टाळ्या झाल्या आणि त्या सर्वांत दीर्घकाळ ज्येष्ठ सभासदांनी वाजवल्या.

४. विक्रयरूप. बाद झालेली पुस्तके किलोवर विकणे. येथे ज्ञानाच्या शाखांतील उच्चनीचभाव संपूर्ण लोप पावतो. वेदान्त आणि कुक्कुटपालन एकाच तागडीत समान ठरतात. फोलिओच्या इतिहासामुळे हा प्रकार सर्वांत जोखमीचा मानावा.

५. दिंडीरूप. ग्रंथ पालखीत ठेवून टाळ-लेझीमसह आवारातून मिरवणे. ग्रंथ ग्रंथालयाबाहेर पडून त्याच दिवशी परत येण्याचे हे एकमेव ज्ञात उदाहरण.

६. सभारूप. वार्षिक सर्वसाधारण सभा. सूचनापत्रातच लिहिलेले असते की कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला कोरमचे बंधन राहणार नाही. हे वाक्य तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने अपूर्व आहे. सात सभासद चार वाजता अपुरे असतात. तेच सात, त्याच खुर्च्यांवर, साडेचारला पुरेसे होतात. मध्ये कोणी आलेले नसते. संख्या स्थिर ठेवून केवळ कालाच्या योगाने अपूर्णाचे पूर्ण होते. ईशोपनिषदाच्या शांतिमंत्राचा अर्थ ज्यांना सुबोध नाही, त्यांनी या अर्ध्या तासात उपस्थित राहावे.

प्रकरण सहावे : उद्घाटनविषयक संप्रदाय

या शास्त्रातील सर्वांत उग्र मतभेद अग्नीविषयी आहे. बॉडलियनमध्ये प्रत्येक नव्या वाचकाकडून शपथ घेतली जाते आणि त्यात ग्रंथालयात आग वा ज्योत न आणण्याचे व न पेटवण्याचे वचन असते. आपल्याकडे ज्योत पेटल्याखेरीज ग्रंथालयातील कार्यक्रम आरंभ पावत नाही. यावरून चार संप्रदाय उत्पन्न झाले.

(अ) ज्योतिर्वादी. यांच्या मते समईच्या पाच वाती पाच मान्यवरांनीच लावाव्यात. पंखा चालू असल्यास ज्योत विझते, सबब पंखे बंद करण्यात येतात. काड्यापेटी कोणाकडेच नसते. शेवटी शिपाई खिशातून लायटर काढतात; तो त्यांच्याकडे का असतो हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. मेणबत्ती हातोहात फिरते. पाचवी वात तेलात बुडालेली असल्याने पाचवे मान्यवर छायाचित्र निघेपर्यंत मेणबत्ती तिच्यापाशी नुसती धरून राहतात. ग्रंथपाल या अवधीत भिंतीवरील अग्निशामकाच्या नळकांड्यापाशी उभे असतात. त्यांची नजर समईवर असते, मंचावर नव्हे.

(आ) विद्युद्वादी. हे समईच्या आकाराचा विजेचा दिवा स्वीकारतात. यात अग्निभय नाही, पण बटण एक आणि मान्यवर पाच, ही विप्रतिपत्ती राहते. यातील एक उपशाखा सर्वांनी एकमेकांच्या हातावर हात ठेवावा म्हणते, दुसरी बटण कुलगुरूंनी दाबावे व इतरांनी दिव्याकडे पाहावे म्हणते. दोन्ही शाखांत सध्या व्यवहार बंद आहे.

(इ) जलवादी. हे पर्यावरणस्नेही असून कुंडीतील रोपट्यास पाणी घालून उद्घाटन करतात. अग्नी जसा ग्रंथाचा शत्रू तसे पाणीही, हा ज्योतिर्वाद्यांचा आक्षेप बलवान आहे. कुंडीखाली ताटली न ठेवल्यामुळे पाणी नियतकालिकांच्या कपाटाकडे गेल्याचा एक दाखला त्यांच्याकडून वारंवार दिला जातो.

(ई) ग्रंथवादी. पुस्तक उघडून उद्घाटन करावे असे म्हणणारा हा संप्रदाय अनुयायांच्या अभावी क्षीण आहे. त्यातही पुस्तक चकचकीत कागदात गुंडाळून रिबीन बांधलेले असते. रिबीन सुटते, कागद फाटतो, पुस्तक छातीपाशी धरून छायाचित्र निघते. तेथून पुढची क्रिया या संप्रदायाच्या आचारधर्मात सांगितलेली नाही.

प्रकरण सातवे : श्रोतृविचार

श्रोते चतुर्विध. निमंत्रित हे पत्रिका मिळाल्यामुळे येतात. नियुक्त हे ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी. यांची हजेरी घेतली जाते. चहापर हे ‘चहा जागेवरच दिला जाईल, कृपया उठू नये’ या उद्घोषणेपूर्वी क्षणभर सभागृहात प्रकटतात आणि बटाटेवड्याची बशी घेऊन अंतर्धान पावतात. त्यांचे आगमन इतके अचूक असते की आम्ही समारंभाची कालगणना त्यांच्यावरून करतो.

चौथा प्रकार स्थानबद्ध. हा शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मूल्यवान. समारंभ वाचनकक्षात असला की खिडकीजवळच्या टेबलावर एक तरुण सकाळी सातपासून बसलेला आढळतो. तो स्पर्धा परीक्षेचा उमेदवार असतो. पुस्तक स्वतःचे, पाण्याची बाटली स्वतःची, खुर्चीवरची उशी घरून आणलेली; ग्रंथालयाचे तो केवळ टेबल, पंखा आणि शांतता वापरतो. समारंभाच्या दिवशी यांपैकी एक वजा होते, ज्योतिर्वादी पद्धतीत दोन. तरी तो उठत नाही, कारण उठल्यास जागा जाते. तो कानांत बोळे घालतो आणि राज्यघटनेच्या परिशिष्टांवर पिवळी रेघ ओढत राहतो. व्याख्याते वाचनाच्या ऱ्हासाविषयी बोलत असतात. त्या वेळी कक्षात प्रत्यक्ष वाचत असलेली ती एकच व्यक्ती असते. वार्षिक अहवालात त्याचे खाली मान घातलेले छायाचित्र ‘व्याख्यानात तल्लीन श्रोते’ या ओळीसह छापले जाते. आम्ही हा उल्लेख तथ्याच्या विरुद्ध मानत नाही. तल्लीनता निर्विवाद आहे; तिचा विषय तेवढा अहवालाने अनुमानाने ठरवला आहे.

प्रकरण आठवे : झीज-प्रमाण व उपसंहार

आता अंतिम प्रश्न : ग्रंथालयावरील प्रेम मोजावे कशाने? वर्गणी, उपस्थिती आणि टाळ्या ही तिन्ही प्रमाणे आम्ही तपासून सोडून दिली; पहिली थकते, दुसरी चहावर अवलंबून असते आणि तिसरी ज्ञानकोश-प्रसंगानंतर विश्वासार्ह राहिली नाही.

बॉडलियनच्या त्या परत मिळालेल्या फोलिओत मार्ग सापडतो. सतराव्या शतकातील वाचकांच्या हातांनी त्याची काही पाने अधिक झिजली, काही कमी. आणि सर्वांत अधिक झीज ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची झाली. त्या वाचकांनी कोणते भाषण केले नाही. कोणास काय आवडले, हे कागदाने स्वतः नोंदवले. सबब आमचा सिद्धान्त : ग्रंथालयात जे सर्वांत झिजले आहे, तेच तेथे सर्वांत प्रिय आहे. यास झीज-प्रमाण म्हणावे.

या प्रमाणानुसार आम्ही आमच्या ग्रंथालयाची पाहणी केली. काचेच्या कपाटातील दुर्मिळ ग्रंथाचे उघडे पान पिवळे पडले आहे; मिटलेली पाने कोरी आहेत. प्रदान केलेल्या ज्ञानकोशाची रिबीन तशीच आहे. पहिल्या रांगेतील सोफ्याचे हात मात्र काळवंडले आहेत, ध्वनिवर्धकाच्या बटणावरचे अक्षर पुसले गेले आहे आणि खिडकीजवळच्या टेबलाची कड कोपर टेकून टेकून गुळगुळीत झाली आहे.

परंतु सर्वाधिक झीज आढळली ती भिंतीवर. वाचनकक्षात दर्शनी बाजूस ‘शांतता राखा’ असा लाकडी फलक आहे. मंडळाचा कापडी फलक नेमका त्याच जागी बांधावा लागतो, म्हणून प्रत्येक समारंभापूर्वी शिपाई स्टुलावर चढून तो लाकडी फलक उतरवतात, कपाटामागे ठेवतात आणि आभारप्रदर्शनानंतर पुन्हा टांगतात. या उतरवण्या-चढवण्याने उजवीकडच्या खिळ्याचे भोक मोठे झाले, खिळा सैल झाला, आणि फलक एका बाजूने उतरू लागला. प्रतिसमारंभ उतार किंचित वाढतो. झाडाच्या बुंध्यातील वलयांवरून वय सांगतात, तसे या कोनावरून मंडळाच्या कार्याचे मोजमाप करता येते, आणि ते वार्षिक अहवालापेक्षा अचूक येते.

सध्या ‘शांतता’ वर असून ‘राखा’ बरेच खाली आले आहे. खिळा बदलण्याचा ठराव गेल्या सर्वसाधारण सभेत मांडण्यात आला होता. चार वाजता तो कोरमअभावी घेता आला नाही. साडेचारला एकमताने संमत झाला, आणि नवा खिळा मान्यवरांच्या हस्ते ठोकण्याचा छोटेखानी समारंभ आयोजित करण्याचे ठरले. त्या दिवशी कापडी फलक बांधण्यासाठी जुना फलक प्रथम उतरवावा लागेल.